त्या झेंड्याच्या फोटोवरून

सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. फळीवर वह्या, आणि समोर जमिनीवर अंथरलेला अमेरिकेचा झेंडा. एका काकांनी लिहिलंय, "असल्यांना गोळी घातली पाहिजे." त्यावर पटापट अंगठे! डोकंच फिरलं माझं.

अरे, आधी ते काय आहे ते तरी बघा. १९८९ मध्ये शिकागोच्या आर्ट कॉलेजातल्या ड्रेड स्कॉट नावाच्या विद्यार्थ्याने मांडलं होतं हे. भिंतीवर फोटो, त्यात अमेरिकेचे झेंडे जाळणारे कोरियन विद्यार्थी आणि झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, आणि एक प्रश्न, अमेरिकेचा झेंडा लावायची योग्य पद्धत कोणती? उत्तर वहीत लिहायचं. आता वहीपाशी जायचं तर सरळ झेंड्यावरून चालत जा नाहीतर बाजूने वाकून लिहा, ज्याचं त्याने ठरवायचं.

मी पाय ठेवला नसता. आमचे अप्पा फौजेतून रिटायर झालेले, २६ जानेवारीच्या संध्याकाळी पिशवी घेऊन निघायचे आणि रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायचे, गटाराच्या कडेचेसुद्धा. मी बरोबर असायचे. कुणाला शिवी नाही, कुणाच्या पोराला दम नाही, वाकायचे, उचलायचे, पुसायचे.

शिकागोतही माजी सैनिक येऊन तो झेंडा उचलायचे, नीट घडी करून फळीवर ठेवायचे, मग दुसरं कुणीतरी परत अंथरायचं. हे वाचलं तेव्हा मला अप्पाच दिसले. त्यांचं घडी घालणं हेही उत्तरच ना!

पण तेवढा दम सरकारला कुठे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश म्हणाले लाजिरवाणं, सिनेटने झेंडा जमिनीवर अंथरायला बंदी घालणारं बिल ९७ विरुद्ध ० मतांनी पास केलं, एका विद्यार्थ्याच्या कामापायी! पुढे झेंडा जाळणं, जमिनीवर ठेवणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला, स्कॉट आणि बाकीच्यांनी कॅपिटॉलच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या पायऱ्यांवर झेंडे जाळून तो उघड मोडला, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, तोही ५ विरुद्ध ४ ने, म्हणजे एका मतावर निभावलं.

हो, आपल्याकडे तिरंग्याचा अपमान केला तर १९७१ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत आत जाल, मान्य. आणि जिचा मुलगा झेंड्यात गुंडाळून घरी आला त्या आईपुढे मी काही बोलू शकणार नाही, तिथे मी गप्पच.

अप्पा असते तर चिडले असते, खूप चिडले असते, वहीची दोन पानं भरली असती त्यांनी. पण आयुष्यभर बंदूक हाताळलेल्या त्या माणसाच्या तोंडून "गोळी घाला" मी कधी ऐकलं नाही.

काका, मेसेज डिलीट करा असं मी म्हणणार नाही. पण नक्की काय खटकलं ते लिहा ना, मी वाचेन आणि उत्तरही देईन.