सिलिकॉन म्हणजे कुरडई नव्हे

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. चौघांचा सोडून दिला. पाचवा माझा साळा, आणि त्याने तो नुसता पाठवला नाही, करून पाहिला.

मेसेज थोडक्यात असा: 'शेतकरी बंधूंनो, इंजिनच्या पॅकिंगवर पैसे घालवू नका. सिलिकॉनची एक ट्यूब आणा. चेंबर, हेड, कार्बोरेटर, सगळीकडे चालते. डिझेलच्या फडक्याने जागा पुसा, भरपूर लावा, थर जितका जाड तितकं पक्कं. अर्धा तास उन्हात ठेवा आणि गाडी चालू करा. मेकॅनिक हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.'

दारव्ह्याकडे माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे न सांगणारा तो मेकॅनिक मीच. तर सांगतो. पॅकिंग म्हणजे गळू नये म्हणून दोन भागांच्या सांध्यात बसवतात ते, चेंबर म्हणजे इंजिनच्या खालचं ऑइलचं भांडं, हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण.

उन्हापासून सुरू करतो, कारण डोकं तिथेच तापलं. उन्हात वाळवायला सिलिकॉन म्हणजे काय कुरडई आहे? कुरडईतलं पाणी उडतं म्हणून ती वाळते. इंजिनला लावायच्या सिलिकॉनचं बरोबर उलट आहे, ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. वरची कातडी दहा-पंधरा मिनिटांत धरते, बोटाला चिकटत नाही, माणसाला वाटतं झालं काम. आतला माल तेव्हा टूथपेस्टसारखा मऊ असतो. ओलावा बाहेरून आत शिरतो तो फार हळू, २४ तासांत साधारण २-३ मिलिमीटर. आता आपला मे महिना आठवा. पारा ४५ ला, हवा इतकी कोरडी की ओला दुपट्टा दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. त्या हवेत ओलावा आणायचा कुठून? हा सल्ला विदर्भातल्या उन्हाळ्यात देणाऱ्याला एकदा दुपारी दोन वाजता माझ्या शेडमध्ये बसवायला पाहिजे.

साळ्याला मृगाच्या आधी वखरणी उरकायची होती. दुपारी पत्र्याचा चेंबर चढवला, अर्ध्या तासात ऑइल भरलं आणि शेतात गेला. दुसऱ्या दिवशी ऑइलचा लाल दिवा लागला. त्याने ट्रॅक्टर धुऱ्यापर्यंतही नेला नाही, जागीच बंद केला, एवढी अक्कल मात्र दाखवली. मी चेंबर उतरवला तर ऑइल पंपाच्या जाळीवर राखाडी शेवया. बोटाएवढ्या लांब, काही रबरासारख्या ताणणाऱ्या, काही अजून लिबलिबीत. नखाने ओढून काढल्या तेव्हा जाळी दिसली. मग एक बेअरिंग खोलून पाहिलं, वरचा थर घासून खालचं तांबं दिसत होतं. क्रँक, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, वाचला.

"भाऊजी, मोबाइलवर आलं होतं नं. मले काय मालूम!"

या शेवया येतात त्या 'भरपूर लावा'मधून. बोल्ट आवळले की सांध्याच्या दोन कडांच्या मध्ये राहायचा तो पातळ थर राहतो, बाकीचा माल बाहेर येतो. अर्धा बाहेरच्या बाजूला, जो दिसतो आणि आपण फडक्याने पुसतो. आणि अर्धा आत, जो दिसत नाही. आतला तुटतो, ऑइलमध्ये पडतो, पंप त्याला जाळीवर ओढतो आणि वर ऑइल जायचं थांबतं. गळती थांबवायला गेलेला माणूस इंजिनचा गळा दाबून येतो.

मी साळ्याला त्याच ट्यूबची मागची बाजू वाचायला लावली. मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं छापलेलं होतं: जागा कोरडी आणि तेल नसलेली हवी, धार पातळ आणि सलग, पूर्ण घट्ट व्हायला २४ तास, हेड गॅस्केटच्या जागी वापरू नये, पेट्रोल लागतं तिथे वापरू नये. मेसेजमधलं सगळं विकणाऱ्यानेच खोडून ठेवलेलं. चष्मा लावून वाचायला दोन मिनिटं लागली असती.

हेडबद्दल खरं तर बोलायचीही इच्छा नाही. डिझेल इंजिन हवा १६-१८ पट दाबतं, वर आतला भडका. तिथे सिलिकॉन किती वेळ टिकणार? शिवाय हेड पॅकिंगची जाडी मोजून ठरवलेली असते, पिस्टन वर आल्यावर किती फट राहावी ते तिच्यावर असतं. आणि कार्बोरेटर? डिझेल ट्रॅक्टरला तो नसतोच. कपाशीच्या पेट्रोलवाल्या फवारणी पंपाला असतो, आणि सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. विषय संपला.

डिझेलने पुसणं म्हणजे तेलाने तेल पुसणं, मागे चिकट थर राहतो. थिनर घ्या, कोरडं फडकं घ्या. जुनं पॅकिंग खरवडताना उघड्या इंजिनजवळ पॉलिश पेपर घासू नका, ती रेती बेअरिंगपर्यंत जाते. आणि हार्डवेअरमधून काचेला लावायचं सिलिकॉन आणू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं तेच. ते ऑइलपुढे टिकत नाही आणि त्यातलं आम्ल तांब्याला खातं.

आता एक गोष्ट जिवावर येऊन मान्य करतो. काही इंजिनांच्या चेंबरला कंपनीच पॅकिंग देत नाही, नुसतं सिलिकॉन असतं. जिथे टायमिंग कव्हर आणि ब्लॉक मिळतात त्या सांध्यावर पॅकिंग असलं तरी एक थेंब लावायला मॅन्युअलमध्येच सांगितलेलं असतं. बाजारातलं हलकं पॅकिंग गळतं हेही खरं. माझे उस्ताद तर जाड कागद कव्हरवर ठेवून हातोडीने कडा टिचक्या मारत कापायचे, बाजारातल्यापेक्षा बरं बसायचं. तासलेल्या धातूच्या सांध्यांना दुसरा माल मिळतो, तो हवा बंद झाली की घट्ट होतो आणि आत सांडलेला पातळच राहून ऑइलमध्ये मिसळतो. म्हणजे ट्यूब वाईट नाही. 'सगळीकडे' आणि 'भरपूर' वाईट.

साळ्याचा चेंबर मी मंगळवारी संध्याकाळी चढवला. सुतळीएवढी धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठे न तोडता. बोल्ट आधी हाताने टेकवले, मग आडवे-तिडवे आवळले. ऑइल भरलं नाही. बुधवारी सकाळी सातला त्याचा फोन, "सुकलं का, भाऊजी?" बाहेर आलेल्या मालाला बोट लावून पाहिलं, वरून सुकलं होतं.

"संध्याकाळी ये," म्हटलं.