सगळंच ऊन मिरीच्या अंगी लागत नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पान उन्हावरच अन्न करतं, मग 'एप्रिल-मेमध्ये मिरीवर सावली धरा' हा माझा सल्ला उलटा आहे, असं तुमचं म्हणणं. शिंपणं रोजचं आहे, तरी पांगाऱ्याच्या झाडावर चढवलेले मिरीचे वेल पिवळे पडले ते खत कमी पडल्यामुळे, असंही तुम्ही लिहिलंय.

पिवळं पान खुडून टाकण्याआधी नीट बघा. गेल्या मे महिन्यात मला एक पान मिळालं: सगळं फिकट पिवळं, आणि मधोमध हिरवागार ठसा, वरच्या पानाच्या टोकाचा. जिथे त्याची सावली पडत होती तेवढंच हिरवं राहिलं होतं. नुसतं खत कमी असतं तर असा ठसा उमटला नसता. मूळ तेच, खत तेच, पाणी तेच, फरक उन्हाचा.

मिरी मूळची सह्याद्रीच्या रानातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. अशा पानाला भर दुपारच्या उन्हाचा साधारण चौथा हिस्सा मिळाला, की त्याचं अन्न करण्याचा वेग वाढायचा थांबतो. उरलेला प्रकाश ते उष्णता करून बाहेर टाकतं. तेही झेपेनासं झालं, की हरितलवकातली (पानातल्या हिरव्या कणांतली) प्रकाश पकडणारी यंत्रणाच मोडू लागते. तिची दुरुस्ती सतत चालू असते, पण कडक उन्हाळ्यात मोडतोड पुढे जाते आणि दुरुस्ती मागे पडते.

पाण्याचंही तसंच. मुळाशी ओल असली तरी दुपारची तापलेली हवा पानातलं पाणी ओढते, म्हणून पान आपली रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतं. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि पान निवतही नाही. तापलेल्या पानात रुबिस्को हे अन्न करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर त्याच्याऐवजी ऑक्सिजन अधिकाधिक पकडायला लागतं. केलेल्या कमाईतला वाटा त्यातच जातो.

त्यात तुमचा आधार पांगाऱ्याचा! तो ऐन फाल्गुनात पानं टाकून लाल फुलतो. सावली हवी तेव्हाच वेल उघडा पडतो. माडाची झिरपती सावली निदान बारा महिने असते.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. दाट सावलीत घोस कमी धरतात, पन्नियूर-१ या मिरीच्या जातीला तर ती मानवतच नाही. पावसाच्या तोंडावर आधाराच्या फांद्या छाटून उजेड आत घ्यायला हवा. हे लेखात राहिलं होतं, आज भर घातली.

यंदा दोनच वेलांना पश्चिमेकडून झावळ्या बांधा, शेजारचे दोन तसेच ठेवा. खत-पाणी चौघांना सारखं. मेअखेरीस चारही वेलांच्या पानांचे फोटो नक्की पाठवा, मी वाट बघतो.