छत्तीसशेची हाव

डिचोलीत पावसाची झड लागली की घरोघरी सुके बांगडे भाजायला घेतात. यंदा मी संगणकाची रॅम भाजायला घेतली.

पणजीहून ३६०० वेगाच्या रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) आणल्या. लावल्या, तर संगणक म्हणतो २१३३. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून ओढूनताणून २६६६ पर्यंत आणलं, पुढे घोडं हलेना. म्हणजे बाजारात इसवणाचे (सुरमईचे) पैसे मोजावेत आणि हुमणात (माशाच्या कालवणात) स्वस्तातले तारले निघावेत! दोष रॅमचा नव्हता. माझा मदरबोर्ड बी४६०. दहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरसोबत तो २६६६ च्या वर सोडतच नाही. बी५६० असता तर रॅम ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवता, आली असती. फरक एका आकड्याचा, पण घेताना मी बोर्डावरचे रंगीत दिवे पाहिले होते. नारळ निदान कानाशी हलवून बघता येतो.

बोर्ड बदलला. (घरी किंमत निम्मी सांगितली.) स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सोय) चालू केलं, व्होल्टेज १.२ चं १.३५ झालं आणि ३६०० उमटलं. शहाण्याने इथे चहा घेतला असता. मी ३८०० केलं.

स्क्रीन काळी. पंखे फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. नव्या वेगाशी जुळवून घ्यायला बोर्डाला वेळ लागतो हे ठाऊक होतं, पण घाम त्याला कुठे ठाऊक! आई दाराशी आली. "काय रे, धाप लागलीय का त्याला?" तेवढ्यात वीज गेली, त्यामुळे नक्की कोण बंद पडलं तेही कळेना.

वीज आली, स्क्रीन काळीच. शेवटी बोर्डाची सेटिंग आणि घड्याळ जपणारी सीआर२०३२ बॅटरी उपटली, पाच मिनिटं मुठीत धरून बसलो आणि परत बसवली. संगणक जागा झाला, मुकाट २१३३ वर. मीही मुकाट ३६०० लावलं आणि रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, चालवली. एकही चूक नाही.

सकाळी आईला विजेचं बिल भरायचं होतं. साइट उघडेना. बॅटरी काढल्यामुळे तारीख काही वर्षं मागे जाऊन बसली होती.

"म्हणजे याच्या हिशोबाने ही रॅम मी अजून घेतलेलीच नाही," मी समजावलं.

"मग पैसे परत आलेत का बघ," आई म्हणाली.