दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाविषयी खुलासा

‘दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचा खड्डा भरला की ओला मैला उपसावा लागतो, म्हणून सेप्टिक टाकीच बरी’ हा सध्या फिरत असलेला दावा चुकीचा आहे. या रचनेत एका वेळी एकच खड्डा वापरात असतो. जाळीदार विटकामातून पाणी व वायू जमिनीत जिरतात आणि पाच-सहा जणांच्या कुटुंबाला एक खड्डा काही वर्षे पुरतो. तो भरल्यावर जोडचेंबरमध्ये, म्हणजे दोन्ही खड्ड्यांकडे जाणारे पाइप जिथे फुटतात त्या कुंडीत, प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड ते दोन वर्षे बंद ठेवायचा. तेवढ्या अवधीत मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते व ते शेतात वापरता येते. याउलट सेप्टिक टाकीतला गाळ कच्चाच राहतो, तो टँकरने उपसून प्रक्रिया केंद्रात न्यावा लागतो, आणि असे केंद्र किती गावांच्या आसपास आहे हा प्रश्नच आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून ती साफ करून घेणे तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने गुन्हाच आहे.

तक्रारी मुळीच खोट्या आहेत असे नाही, पण त्यांचे मूळ बहुधा बांधकामात सापडते: तळाला सिमेंट ओतलेले असते, किंवा दोन्ही खड्डे एकदमच चालू ठेवलेले असतात. मात्र जिथे भूजल अगदी वर आहे किंवा जमीन कातळाची आहे, तिथे ही रचना जशीच्या तशी बांधू नये. विहिरीपासूनही पुरेसे अंतर सोडावे.