दोन्ही बाह्या डाव्या

फॅशन डिझाइनला प्रवेश घेतला की नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे शिवणक्लासच ना?" मी यावर चिडायचे. पॅटर्न कटिंगचा पहिला आठवडा संपला आणि कळलं की बिचारे मला बढती देत होते. शिवणक्लासात निदान ब्लाऊज तयार होतो.

आठवड्याचं काम ऐकायला सोपं. आपली नक्षी आपण काढायची, ती ठशाने एक मीटर सुती कापडावर छापायची आणि त्याच कापडाचा फोर टक्स ब्लाऊज, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून टक्स (शिवलेल्या चिमट्या) घातलेला ब्लाऊज शिवायचा. कापड बेतायचं असतं. बेततं मात्र जिवावर.

सुरुवात मापापासून. टेप छातीभोवती गुंडाळला की मुलगी श्वास रोखते. तेवढ्यात टेप पाठीवरून दीड इंच घसरतो, आणि तिला सैल ब्लाऊज आवडतो म्हणून आपण टेपखाली दोन बोटं घालतो. या बोटांनी घोळ होतो. छाती ३६ असेल तर कागदावर तिचा चौथा भाग ९ इंच आणि सैलपणाचा अर्धा इंच, म्हणजे पूर्ण घेर ३८. बोटांनी आधीच एक इंच सैलपणा घेतलेला असतो, तो कागदावर परत धरला जातो, आणि ३६च्या छातीला ३९चा ब्लाऊज होतो. खांद्यावरून तो असा उतरतो की पिनांचा अख्खा डबा लावावा लागतो. सैलपणा एकदाच घ्यायचा, तोही कागदावर. मग बाजूच्या शिवणीत एक ते दीड इंच दाब ठेवायचा, म्हणजे पुढे उसवून वाढवता येतं. ही 'पुढे'ची तरतूद आपल्याकडे प्रत्येक ब्लाऊजच्या पोटात असते. तीही लागते दिवाळीनंतर.

ब्राउन पेपरवर रेघा मारणं त्यामानाने शांततेचं काम आहे. पाठीचा मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात ती गोलाई, काढायचा आणि पुढचा मुंढा त्याहून अर्धा इंच जास्त खोल कोरायचा, कारण हात पुढे जातात, मागे नाही. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या इंचभर आधी थांबवायचं आणि तिथे मशीन मागेपुढे करून टाका पक्का करायचा नाही, दोरा सोडून हाताने गाठ मारायची. नाहीतर टोकाशी चोच येते. मग हे सगळं मांजरपाटावर शिवून बघायचं. मांजरपाट स्वस्त आणि प्रामाणिक कापड. खोटं माप जिथल्या तिथे दाखवतं.

खरी परीक्षा बाहीची. मुंढा आतल्या बाजूला वळलेला, बाहीचा माथा बाहेरच्या बाजूला फुगलेला, आणि या दोघांना जन्मभरासाठी जोडायचं. शिवाय दोघांची लांबी सारखी असून चालत नाही! पुढचा मुंढा ८ इंच आणि मागचा साडेआठ असेल, तर मुंढा झाला साडेसोळा आणि बाहीचा माथा हवा साधारण १७. हा अर्धा इंच खांद्याच्या गोलाईवर मुरवायचा असतो. बाही मुंढ्याहून कमी भरली तर दंडावर ताण येतो. दोन इंच जास्त भरली तर फुग्याची बाही होते, आणि कोणीतरी मावशी येऊन म्हणते, "आमच्या वेळी हीच फॅशन होती."

मोजायचं कसं, यातही मेख आहे. टेप कागदावर आडवा टाकला तर वळणावर दुमडतो. तो कडेवर उभा धरून रेघेवरून चालवायचा. आणि रेघ कुठली, तर शिवणीची, कापायची नव्हे. मुंढ्याची कापलेली कड शिवणीपेक्षा लांबीला कमी भरते, बाहीची जास्त. कापलेल्या कडा मोजल्या की बाही उगाच मोठी वाटते, म्हणून आपण ती छाटतो, आणि मशीनवर बसल्यावर ती अर्ध्या इंचाने कमी पडते. कागद तोवर केराच्या टोपलीत गेलेला असतो.

माथ्याची उंची हाही तडजोडीचाच मामला. माथा उंच ठेवला तर बाही उभं राहिल्यावर फोटोत झकास दिसते, पण हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो. माथा बसका ठेवला तर बसचा दांडा आरामात धरता येतो, पण हात खाली आला की काखेत चुण्या पडतात. मी दांड्याच्या बाजूची आहे.

टेलरकाकांकडे यातलं काहीच नसतं. ब्राउन पेपर नाही, वळणं काढायची फ्रेंच कर्व्ह पट्टी नाही. नमुन्याचा जुना ब्लाऊज, निळा खडू आणि तोंडात टाचण्या. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

आता कापड. कोऱ्या सुती कापडात खळ असते. ती साबणाच्या गरम पाण्यात धुऊन काढली नाही तर रंग धाग्यावर न बसता खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात दोघं हातात हात घालून निघून जातात. धुतल्यावर कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर आटतं. आटायचं ते कापण्याआधी आटलेलं बरं.

नक्षी म्हणून पैठणीच्या काठावरची मुनिया घेतली तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ठसा उलटा उमटतो. कागदावर उजवीकडे बघणारा पक्षी कापडावर डावीकडे बघतो. आणि सगळे पक्षी एका ओळीत छापले तर लोकांना पक्षी दिसत नाहीत, मधल्या रिकाम्या गल्ल्या दिसतात. म्हणून चार इंचाचा ठसा असेल तर शेजारची उभी ओळ दोन इंच खाली सरकवायची. चौकोनी चित्राच्या कडा एकमेकींना जुळतात का, हे बघायची युक्ती सोपी आहे. कागद मधोमध उभा-आडवा कापायचा आणि तिरप्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या तुकड्यांची अदलाबदल करायची. बाहेरच्या कडा आत येतात आणि शेपटीला शेपूट लागत नसल्याचं तिथेच उघड होतं.

छापताना टेबलावर घोंगडी, तिच्यावर जुनी चादर. ठसा रंगात टेकवायचा, पहिला चिंधीवर उमटवायचा, कारण पहिला कायम चिखल असतो. मग कापडावर ठेवून वरून मूठ मारायची. दर ठशाला हात फक्त एक मिलिमीटर सरकतो. ३६ इंची पन्ह्यावर नऊ ठसे बसतात. पक्षी या काठाहून त्या काठाला जाईपर्यंत उतरणीला लागलेला असतो.

आणि मग कात्री. साध्या कापडावर पाठ सरळ, पुढचे भाग उलटे अशी उलटसुलट मांडणी करून ८० सेंटीमीटरमध्ये ब्लाऊज बसवता येतो. पक्षी छापलेले असले की सगळ्यांचे पाय खालीच हवेत, म्हणून तर एक मीटर. एवढं सांभाळलं तरी एका पक्ष्याची मान टक्समध्ये जातेच. पक्षी दंडावर बरोबर मधोमध यावा म्हणून बाह्या कापड दुहेरी न करता एकेक कापल्या जातात, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटा करायचं राहून जातं. दोन्ही बाह्या डाव्या.

बिनछापाच्या कापडाला सुलट-उलट नसतं, पालथी घातली की झाली उजवी. इथे पालथी घातली तर पक्षी आत जातात. तशीच जोडली तर बाहीची जास्त खोल कोरलेली पुढची बाजू पाठीकडे जाते आणि पुढे काखेत कापडाचा गोळा जमतो. तरी जोडली जाते, कारण शनिवार असतो. मग उसवणं. इंचाला दहा टाके, साडेसोळा इंच, दुहेरी शिलाई, म्हणजे तीनशे तीस. टाका उचलायचा, तोडायचा, पुढचा उचलायचा.

उरलेल्या कापडात नवी बाही उभी बसत नाही. आडवी बसते. डाव्या दंडावर मुनिया उभ्या, उजव्या दंडावर झोपलेल्या. विचारलं तर कल्पना म्हणून सांगायचं, असं ठरवून ब्लाऊज टेबलावर ठेवला जातो. मॅडम पक्ष्यांकडे बघतसुद्धा नाहीत. उजवी बाही दोन्ही हातांत धरून जरा ताणतात आणि म्हणतात, "सूत आडवं घेतलंयस."