घट्ट चिकटणारी अँटिबॉडी म्हणजे प्रभावी अँटिबॉडी नव्हे

कर्करोगाच्या उपचाराबद्दल सध्या फिरणारा दावा असा: पीडी-१ (टी-पेशींना आवरणारा रेणू) रोखणारी औषधं टी-पेशींचा, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, ब्रेक सोडतात, आणि आता ४-१बीबी, ओएक्स४०, सीडी४० या रिसेप्टरवर (रोगप्रतिकारक पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूंवर) बसून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या अँटिबॉडी आल्या आहेत. त्या जितक्या घट्ट चिकटतील, जितक्या जास्त डोसमध्ये आणि पीडी-१च्या औषधासोबत एकदमच दिल्या जातील, तितका गुण जास्त; आणि माकडांत सुरक्षित ठरल्या की झालं. यातलं पहिलं वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. दुसरं चूक आहे, आणि रुग्णांची आशा त्यावर टांगलेली असल्यामुळे ते सविस्तर खोडायला हवं.

'घट्ट तितकी प्रभावी.' अडवणाऱ्या अँटिबॉडीसाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण जागा व्यापली की तिचं काम झालं. चेतवणाऱ्या अँटिबॉडीचं तसं नाही. हे तिन्ही रिसेप्टर टीएनएफ कुळातले. पेशीपटलावर त्यांचा घोळका जमला तरच आत संदेश जातो. नैसर्गिक लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा शरीरातला रेणू) एकाच प्रकारचे तीन रिसेप्टर एकत्र आणतो, अँटिबॉडीला मात्र हात दोनच. म्हणून बहुतेकदा तिचा एफसी भाग (शेपटीकडचा भाग) शेजारच्या पेशीवरच्या एफसी-गॅमा-२बी रिसेप्टरने धरावा लागतो. आयजीजी-२ हा अँटिबॉडीचा उपप्रकार इथे वेगळा पडतो: त्याच्या बिजागरीतले (हात आणि एफसी जोडणाऱ्या भागातले) डायसल्फाइड बंध हात आखडून ठेवू शकतात, त्यामुळे त्या आधाराशिवायही सीडी४० चेततो. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांच्या गटाने तर पकड मुद्दाम सैल केली, आणि सीडी४० व ४-१बीबी दोन्हींवर चेतना वाढली. पटकन सुटणारी पकड घोळके जास्त करते.

म्हणूनच नुसतं बंधन मोजून उमेदवार निवडू नयेत. एनएफ-कॅपा-बी रिपोर्टर पेशींवर (आत संदेश पोहोचला की खूण दाखवणाऱ्या पेशींवर) चाचणी दोनदा लावा: एकदा एफसी-गॅमा-२बी असलेल्या पेशी सोबत घेऊन, एकदा त्यांच्याशिवाय. त्याआधी साइज-एक्सक्लूजन स्तंभातून (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीतून) अँटिबॉडीचे गठ्ठे काढून टाका. थोडे जरी राहिले तरी तेच रिसेप्टर गोळा करतात आणि निकम्मी अँटिबॉडी जोरदार दिसते. सीडी४०च्या चाचणीत एंडोटॉक्सिनही (जिवाणूंपासून आलेला विषारी अंश) असंच फसवतं.

'डोस वाढवा.' अनेक चेतक अँटिबॉडींचा आलेख घंटेसारखा असतो: प्रमाण फार झालं की रिसेप्टर एकेका हातानेच अडकतात आणि जोडणी तुटते. शिवाय विषारीपणा आहेच. ४-१बीबीवरच्या युरेलुमॅबने किलोमागे १ मिलिग्रॅम आणि त्यावरच्या डोसला यकृताला गंभीर इजा केली, दोन रुग्ण दगावले; पुढे डोस ०.१ मिलिग्रॅमवर आणावा लागला. ४-१बीबीवरचीच युटोमिलुमॅब किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत सोसली, पण ती मुळात दुबळी चेतक. यावर खरा उपाय रचनेत आहे: एक हात गाठीत आढळणाऱ्या पीडी-एल१ किंवा एफएपी या प्रथिनावर, दुसरा ४-१बीबीवर, आणि एफसी भाग उत्परिवर्तनाने मुका केलेला. मग घोळका मुख्यतः गाठीपाशीच जमतो.

'माकडांत सुरक्षित, म्हणजे झालं.' मार्च २००६, लंडन. टी-पेशींवरच्या सीडी२८ या रिसेप्टरला चेतवणारी टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिली गेली. माकडांनी पाचशे पट डोस सोसला होता, तरी सहाही जण सायटोकाइनच्या (दाह पेटवणाऱ्या संदेश-प्रथिनांच्या) वादळात सापडले. माकडांच्या इफेक्टर-मेमरी सीडी४ पेशींवर (टी-पेशींचा एक प्रकार) सीडी२८ नसतोच. माणसाच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत नेहमीसारख्या विरळ ठेवून केलेल्या चाचणीतही धोका दिसला नव्हता. त्याच पेशी मिलिलिटरमागे एक कोटी इतक्या दाट ४८ तास ठेवल्या की दिसतो.

'दोन्ही एकदमच द्या.' उंदरांत ओएक्स४० चेतक आणि पीडी-१ रोधक एकाच वेळी दिल्यावर परिणाम घटला. ओएक्स४० आधी आणि पीडी-१ नंतर, या क्रमाने तो टिकला. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावरच्या प्रिन्स चाचणीत केमोथेरपीसोबत निव्होलुमॅब (पीडी-१ रोधक) घेतलेल्यांपैकी ५७.७ टक्के वर्षभर जगले, सीडी४० चेतवणारी सोटिगालिमॅब घेतलेल्यांपैकी ४८.१, आणि दोन्ही घेतलेल्यांपैकी ४१.३. हे गट आपसांत तुलना करण्यासाठी आखलेले नव्हते, त्यामुळे एकत्र देण्याने अपाय झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. पण दाव्यात गृहीत धरलेली बेरीज तिथे दिसली नाही.