भात-पोळी कायमची बंद? कोणासाठी?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय: भात आणि पोळी कायमची बंद, भाकरी चालेल. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू. संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. महिन्यात १० किलो उतरणारच. नाही उतरले तर जिद्द तुमच्यातच कमी.

आधी १० किलोंचा हिशोब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात दहा किलो चरबी जायची तर रोज अडीच हजारांवर तूट हवी. बैठं काम करणाऱ्या पुष्कळ बायकांचा दिवसाचा एकूण खर्चच दोन हजारांच्या आतबाहेर असतो. महिनाभर काहीच खाल्लं नाही तरी गणित बसत नाही! मग पहिल्याच आठवड्यात काटा खाली येतो तो कसा? शरीर साखरेचा साठा ग्लायकोजनच्या रूपात ठेवतं आणि त्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट वजनाचं पाणी असतं. भात-पोळी तोडली की तो साठा आटतो, पाणीही जातं. रविवारी वरणभात जेवलात की परत येतं, आणि आळ भातावर. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, ते मात्र मेसेजमध्ये नाही.

आता भाताचा गुन्हा. तांदूळ, गहू, ज्वारी कोरडे १०० ग्रॅम घ्या, तिन्हींत कॅलरी साधारण साडेतीनशेच्या आसपास. ज्वारीत तांदळापेक्षा तंतू जास्त, भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे कबूल. पण भाकरीवर तेलात थबथबलेला ठेचा आणि वर लोण्याचा गोळा आला की काय वाचलं? एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. मूठभर शेंगदाणे दीडशेच्या वर. चतुर्थीची साबुदाणा खिचडी तर पिष्ट, दाणे आणि तूप यांचीच असते, तरी तिला उपवास म्हणायची आपली रीत. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ कमी खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, भात-पोळीसारखं पिष्ट कमी खाणाऱ्यांचं ६. फरक नगण्य. मालवणात वाढलेल्या माणसाला आमटी-भात जन्मभर सोडायला लावून मिळवायचं काय? त्यापेक्षा आधी वाटीभर उसळ किंवा मासा आणि कोशिंबीर, मग एक वाढणी भात. हे त्याला दहा वर्षं जमेल.

मध-लिंबू? मध ही साखरच, मोठ्या चमच्याला साठेक कॅलरी. आवडतं तर प्या. चरबी वितळत नाही.

सातचं कुलूप कुणी ठरवलं कोण जाणे. चर्चगेटहून सुटून विरारला नऊला पोचणाऱ्याने जेवायचं कधी, डब्यात लटकून? चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर सारख्याच मोजक्या कॅलरी दिल्या. निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ल्या. २०२२ सालच्या त्या निष्कर्षात दोन्ही गटांच्या वजनात ठोस फरक निघाला नाही. रात्रीचा चिवडा सुटत असेल तर लवकर जेवण्याचा फायदा आहेच. पण इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं पुढे-मागे केली तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते.

राहता राहिली जिद्द. मला या मेसेजचा खरा राग येतो तो याच ओळीमुळे. अमेरिकेत बोस्टनला १६० जणांना चार वेगवेगळे आहार दिले होते; निष्कर्ष २००५ मध्ये आले. वर्षभरात चाळीसेक टक्के लोक गळले, आणि सर्वांत टोकाच्या दोन आहारांत जवळपास निम्मे. जे टिकले त्यांचं वजन उतरलं, आहार कुठलाही असो. निम्मी माणसं सोडून जातात तेव्हा दोष आहाराचा. मेसेज पाठवणाऱ्या काकांना एवढंच विचारा: गणपतीत, लग्नसराईत आणि सासरी गेल्यावर हा आहार कसा पाळलात?